आणखी एक भाषण नको: विद्यार्थी दत्तक घेणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

विश्वस्त मंडळी, कार्यक्रम समन्वयक आणि देणगीदार, सगळ्यांनाच नमस्कार.

गेल्या महिन्याभरात मला तीन निमंत्रणं आली. संस्था तीन वेगवेगळ्या पण मजकूर जवळजवळ एकच, की आमच्या स्पॉन्सर्ड (म्हणजे ज्यांची फी देणगीदार भरतात त्या) विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचं लाइफ स्किल्स म्हणजे जीवनकौशल्यांचं शिबिर ठेवलंय, तुम्ही स्वतः अशाच परिस्थितीतून वर आलात, तर येऊन मुलांना चाळीस मिनिटं जरा मोटिव्हेट करा. मी तिघांनाही नाही कळवलं. फोनवर कारण सांगत बसले असते तर तुसडेपणा वाटला असता म्हणून इथे सविस्तर लिहितेय. कुणाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे हेच चाललंय आणि त्यात मी पण सामील होतेच की इतकी वर्षं.

आधी माझं सांगते. पाचवीपासून पदवीपर्यंत माझी फी एका संस्थेमार्फत कुणीतरी भरली, कोण ते मला आजही माहीत नाही. ती फी नसती तर मी सातवी-आठवीतच घरी बसले असते, याबद्दल मनात अजिबात शंका नाही. पुढे नोकरी लागल्यावर मीच एका ठिकाणी मेंटॉर, म्हणजे मुलाला वरचेवर भेटून सोबत करणारं मोठं माणूस, म्हणून नाव नोंदवलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे जे लिहितेय ते बाहेरून टीका म्हणून वाचू नका, घरातलं माणूस चिडून बोलतं ना तसं वाचा.

तर भाषण का नको. माझ्या वर्षी आमच्या वस्तीतून आठ जणींची निवड झाली होती. पदवीपर्यंत पोचलो दोघी. मी स्टेजवर उभी राहून "मेहनत केली की सगळं मिळतं" म्हणते तेव्हा त्या उरलेल्या सहा जणी मला समोर बसलेल्या दिसतात, आणि त्यातली एक तर माझ्यापेक्षा गणितात कितीतरी हुशार होती, मी तिच्याच वहीतून उतरवायचे. त्या काही आळशी नव्हत्या. एकीचे वडील अंथरुणाला खिळले, एकीला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलं, एकीचा स्कॉलरशिपचा फॉर्म एका सहीसाठी राहून गेला आणि पुढच्या वर्षी तिचं नाव यादीतूनच गेलं. मला मात्र एक क्लार्कबाई भेटल्या होत्या ज्यांनी तोच फॉर्म माझ्याकडून समोर बसवून पूर्ण करून घेतला. मेहनतीत फरक नव्हता हो, फरक त्या बाईंचा होता. मग मी मुलांना काय सांगू, जिद्द ठेवा? जिद्द त्यांच्याकडे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे, रोज घरातल्या गोंगाटात दिव्याच्या कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या पोरांना जिद्दीवर लेक्चर देणं हे मला आता जमत नाही.

आता शिबिराकडे येते. बॅनर, आइसब्रेकर, मग प्रोजेक्टरवर दहा जीवनकौशल्यांची यादी, मग ग्रुप अॅक्टिव्हिटी, फीडबॅक फॉर्म, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. ही दहाची यादी जागतिक आरोग्य संघटनेची, १९९३ साली शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतली, आणि यादी चांगलीच आहे: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, नातेसंबंध, स्वतःची जाणीव, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं. पण गंमत अशी की त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की ही कौशल्यं करून बघत, सराव करत शिकायची असतात. आपण काय केलं, तर ती दहा नावं पाठ करायला लावली. मी एका शिबिरात पाहिलंय, समारोपाला "समानुभूती म्हणजे काय" विचारल्यावर एका मुलीने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, टाळ्या पडल्या, आणि तीच मुलगी आदल्या रात्रभर रडत होती हे तिच्या शेजारच्या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आमच्यापैकी तर कुणालाच नाही.

कौशल्य कुठे अडतं ते सांगते. माझ्याकडे एक मुलगी होती, अकरावीतली, इंग्रजी बऱ्यापैकी, मार्क उत्तम. तिला एका कॉलेजला ईमेल करायला सांगितलं. तिने अख्खं पत्र, "आदरणीय सर" पासून "आपली विश्वासू" पर्यंत, सब्जेक्टच्या रकान्यात टाइप केलं आणि खालचा मोठा चौकोन रिकामा ठेवून पाठवून दिलं. उत्तर आलं नाही, आणि तिने त्याचा अर्थ लावला की आपली लायकी नाही. तीन आठवडे ती हे कुणाला बोलली नाही! मी सहज तिचा फोन हातात घेऊन पाहिलं म्हणून कळलं, मग शेजारी बसून दुसरा ईमेल केला, चार मिनिटं लागली असतील. आता हे त्या दहातलं कितवं कौशल्य? संवाद म्हणा, ताण म्हणा, स्वतःची जाणीव म्हणा, सगळीच त्या एका रकान्यात अडकली होती.

दुसरा एक मुलगा. त्याला ऑफिसातून एक दाखला आणायचा होता. दोन दिवस गेला आणि दोन्ही दिवस परत आला. का रे? तर म्हणे दार लोटलेलं होतं. लोटलेलं दार म्हणजे आत यायचं नाही की टकटक करून विचारायचं हे त्याला ठरवता येईना, आणि आत गेल्यावर कुणी ओरडलं तर काय ही भीती. आपल्यातल्या बहुतेकांना हे कुणी शिकवलेलं नसतं, आईवडिलांसोबत चार ऑफिसं फिरताना आपोआप अंगात मुरलेलं असतं. ज्या मुलाचे आईवडील स्वतःच ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभे राहतात, त्याच्या अंगात ते कुठून मुरणार. तिसऱ्या दिवशी मी सोबत गेले. आत गेले नाही, बाहेर बाकावर बसले. तो टकटक करून आत गेला, पाच मिनिटांनी दाखला घेऊन बाहेर आला आणि मला न सांगताच समोरच्या दुसऱ्या खिडकीवर जाऊन झेरॉक्सवर शिक्का कुठे मारतात ते विचारून आला. लाइफ स्किल्सचं सेशन मला विचाराल तर ते.

आता कुणी म्हणेल हे तुमचे अनुभव झाले, पुरावा काय. तर आहे. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २०१२ मध्ये त्याचा पेपर आला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे दोन गट, शिवाय तुलनेसाठी तिसरा. एका गटाला कॉलेजसाठी सरकारी मदत किती मिळू शकते याची नीट माहिती आणि अर्ज करा असं प्रोत्साहन दिलं. दुसऱ्याला माहिती तर दिलीच पण टॅक्स भरायला ते ज्या ऑफिसात आले होते तिथेच शेजारी बसून मदतीचा फॉर्म भरून दिला. दुसऱ्या गटातल्या बारावीच्या मुलांमध्ये पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तुलनेच्या गटातल्या २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. आणि ज्यांना फक्त माहिती दिली त्यांच्यात असा काहीच फरक पडला नाही. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्या क्लार्कबाईंचाच विचार करत होते.

आणि फी भरणं निरुपयोगी आहे असं मी म्हणतेय असा कृपा करून अर्थ काढू नका. सहा देशांतल्या १०,१४४ माणसांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झालाय, लहानपणी ज्यांना स्पॉन्सरशिप मिळाली ते साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकले, मोठेपणी पगारी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. पण ज्या कार्यक्रमातून ती स्पॉन्सरशिप मिळाली तो नुसता चेक पाठवणारा नव्हता बरं का, मुलं शाळेनंतर नियमित तिथे जायची, ओळखीची मोठी माणसं भेटायची. हा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांपैकी काहींनी नंतर इंडोनेशियात मुलांना स्वतःची चित्रं काढायला दिली आणि स्पॉन्सर्ड मुलांच्या चित्रांत आशेच्या खुणा जास्त दिसल्या. मला तर फीपेक्षा ह्या चित्रांतच जास्त रस आहे.

आता जे लिहायला जड जातंय ते. मेंटॉर म्हणून माझी पहिली मुलगी नववीतली होती. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही पाच वेळा भेटलो, ती हळूहळू बोलायला लागली होती, घरातलं एक-दोन गोष्टी सांगितल्या. मग माझी नोकरी बदलली, शहर बदललं, आणि मी संस्थेला एक मेल करून मोकळी झाले की यापुढे जमणार नाही. तिला मी काहीच सांगितलं नाही, वाटलं संस्था सांगेल, संस्थेला वाटलं मी सांगितलं असेल. जवळपास वर्षाने जुना फोन चालू केला तर त्यात तिचे मेसेज. "ताई आहात का?" मग आठ दिवसांनी "ताई मी काही चुकीचं बोलले का?" मग परीक्षेचा निकाल. मग काही नाही.

हे माझं एकटीचं पाप असतं तर इथे लिहिलं नसतं, पण याचाही अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या जुन्या मेंटॉरिंग कार्यक्रमाचा १९९५ मध्ये मोठा अभ्यास झाला, १० ते १६ वयाची ९५९ मुलं, निम्म्यांना लगेच मेंटॉर दिला आणि निम्म्यांना वेटिंगवर ठेवलं. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये ड्रग्ज सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी कमी निघालं, शाळा बुडवणंही कमी झालं. हा आकडा सगळे जण प्रेझेंटेशनमध्ये लावतात. पण त्याच आकडेवारीचं २००२ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं ते कुणी लावत नाही. त्यात निघालं की ज्यांचं नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं त्यांनाच सर्वांत जास्त फायदा झाला, आणि ज्यांचं तीन महिन्यांच्या आतच तुटलं त्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत चक्क खाली गेली, अभ्यासातला आत्मविश्वासही. म्हणजे मेंटॉर न देणं परवडलं पण अर्धवट सोडून जाणारा देणं नाही. ज्या मुलांच्या आयुष्यात आधीच माणसं निघून गेलेली असतात त्यांना आपण रीतसर रजिस्ट्रेशन करून आणखी एक निघून जाणारं माणूस देतो, आणि वार्षिक अहवालात लिहितो "यंदा ३०० विद्यार्थ्यांना मेंटॉरिंग".

म्हणून माझी पहिली मागणी, मुलं मोजणं थांबवा, महिने मोजा. एका मुलासोबत एक माणूस सलग किती महिने टिकला हा आकडा अहवालात पहिल्या पानावर छापा. तीनशे झेपत नसतील तर चाळीस घ्या. मेंटॉरकडून वर्षाची कबुली घेतल्याशिवाय मुलाशी ओळखच करून देऊ नका, आणि कुणाला मध्येच सोडावं लागलंच (लागतं, माणसं आजारी पडतात, बदल्या होतात) तर निरोपाची एक भेट सक्तीची करा, ज्यात तो माणूस स्वतःच्या तोंडाने मुलाला सांगेल की यात तुझी काही चूक नाही. एवढं एक वाक्य मी त्या मुलीला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

यासाठी पगारी माणूस लागतो. इथेच सगळं अडतं मला माहितीये. देणगीदाराला आपला पैसा थेट मुलाच्या फीला गेला पाहिजे असं वाटतं, समन्वयकाच्या पगाराला गेला की "अॅडमिन खर्च" म्हणून नाक मुरडतात. पण मेंटॉरला दर महिन्याला फोन करून कधी भेटलात, काय बोललात, कुठे अडलंय हे विचारणारं कुणी नसेल तर स्वयंसेवक तीन महिन्यांत गळतात, चांगले सुद्धा, मी गळले तशा. देणगीदारांनो, तुम्ही थेट विचारा संस्थेला की माझ्या मुलाला शेवटचं कोण आणि कधी भेटलं. उत्तर देता आलं पाहिजे. आणि ते उत्तर देणाऱ्याचा पगार तुम्ही द्या.

याच माणसाचं दुसरं काम म्हणजे मुलांची सुरक्षितता. मेंटॉरची पार्श्वभूमी तपासणं, भेटी चारचौघांत दिसतील अशा ठिकाणी ठेवणं, मुलाला तक्रार करायची तर मेंटॉर सोडून दुसरं कुणीतरी ओळखीचं असणं. "आमचे सगळे स्वयंसेवक चांगल्या घरचे आहेत" हे मला एका मीटिंगमध्ये सांगितलं गेलं होतं, त्यावर काय बोलणार.

मेंटॉर कोण असावा याबद्दलही थोडं. तुम्ही यशस्वी माणसं शोधता, मोठ्या पदावरची. ती येतात, आणि पहिल्याच भेटीत मुलाला सुधारायला घेतात, हे वाच, तो कोर्स कर, मोबाइल कमी कर. मुलगा मान डोलावतो आणि तिसऱ्या भेटीला येत नाही. जे मेंटॉर आधी नुसतं ऐकतात, काय करायचं ते मुलाला ठरवू देतात, त्यांचं नातं टिकतं, हे माझ्या डोळ्यांसमोर परत परत झालंय. मला विचाराल तर तुमच्याच योजनेतून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं-मुली सगळ्यांत उत्तम, त्यांना ते लोटलेलं दार अजून आठवत असतं. आफ्रिकेत कॅमफेड नावाची संस्था आहे, १९९३ मध्ये झिंबाब्वेत ३२ मुलींच्या शिक्षणापासून सुरू झाली, तिथे शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८ मध्ये स्वतःचं संघटन उभं केलं आणि आता त्यातल्याच तरुणी आपापल्या भागातल्या शाळांत जाऊन धाकट्यांना जीवनकौशल्यं शिकवतात. आपल्याकडे माजी विद्यार्थी म्हणजे वार्षिक कार्यक्रमात मनोगत सांगायला. माझ्यासारखे!

पालकांना विसरू नका हेही. एका मुलीची आई मला एकदा म्हणाली, तुमच्याशी बोलते ती आजकाल, माझ्याशी नाही बोलत. त्यात राग नव्हता, पण मला चटका बसला. तेव्हापासून मी पहिली भेट घरी, आईवडिलांसमोर करते, आणि मुलीला सल्ला द्यायच्या आधी आईला विचारते की तुम्हाला काय वाटतं. अर्ध्या वेळा आईचं उत्तर माझ्यापेक्षा शहाणपणाचं निघतं.

आणि ती आभारपत्रं. वर्षातून दोनदा आम्हाला वर्गात बसवून स्पॉन्सरला पत्र लिहायला लावायचे, मजकूर फळ्यावर. पहिलं वाक्य मी मजेत आहे, दुसरं माझा अभ्यास चांगला चालू आहे, तिसरं तुमच्यामुळे माझे आयुष्य बदलले. फक्त नाव आणि इयत्ता आपापली. मी अशी कितीतरी पत्रं लिहिली असतील. नववीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले होते, वडिलांचं काम सुटलं होतं, आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की मी मजेत आहे. कारण मनात पक्कं बसलेलं, नापास कळलं तर फी बंद होईल. ज्या एका माणसाला माझ्या शिक्षणाची काळजी होती त्यालाच खरं सांगायची चोरी. पुढे नोकरीत सुद्धा कितीतरी वर्षं मला बॉसला "हे मला येत नाही" म्हणता येत नसे, घाम फुटायचा. स्वतःची अडचण वेळेत आणि नीट शब्दांत सांगणं हे कौशल्य तुम्ही शिबिरात शिकवता आणि पत्रात त्याचा बरोब्बर उलटा सराव करून घेता. पत्रं बंद करा असं नाही म्हणत. फळा पुसा. लिहायचं असेल तर लिहू दे, नसेल तर नको, आणि नापास झाल्याने मदत बंद होत नाही हे पहिल्याच दिवशी मुलाला आणि पालकांना स्पष्ट सांगा, लेखी द्या. आणि जर बंद होत असेल तर तो नियम बदला.

एक शेवटचं, अठरा वर्षांचं. बहुतेक योजना शाळा संपली की संपतात. मुलगा नेमका तेव्हाच पहिल्यांदा हॉस्टेल, अॅडमिशनची मुदत, बँकेचं खातं, भाडं, कागदपत्रं सगळ्याला एकटा तोंड देत असतो. निकाल आणि कॉलेज सुरू होणं यांच्या मधल्या दोन-तीन महिन्यांत प्रवेश पक्का झालेली मुलंसुद्धा गळतात, अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला समर मेल्ट असं नावच दिलंय. पैसे थांबवायचे तर थांबवा, पण माणूस अजून एक वर्ष राहू दे, फोनवर का होईना. त्या काळात "शुक्रवार शेवटची तारीख आहे, झालं का?" असा एक मेसेज शिबिराच्या दोन दिवसांपेक्षा जास्त काम करतो.

तर त्या तिन्ही निमंत्रणांचं. तारखा ठरल्यात, हॉल बुक झालाय हे मला कळतं, शिबिर रद्द करा म्हणत नाही. माझी चाळीस मिनिटं मात्र कार्यक्रमातून काढा, त्याऐवजी मागे एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या, आणि मुलांना आधी सांगून ठेवा की ज्याचा जो कुठला फॉर्म, अर्ज, ईमेल अडलाय तो घेऊन यायचा. वाय-फाय चालू आहे ना तेवढं बघा. मी सकाळी नऊपासून बसेन, फोटो नको. आणि त्यातल्या दोन मुलांसोबत मी पुढचं वर्षभर राहू शकते, दोनच, तिसऱ्याला हो म्हणणार नाही. शनिवारी जमेल, रविवारी नाही.

तुमच्याच योजनेतली,
एक माजी विद्यार्थिनी